पाऊस पडतो, मुरत का नाही?

उन्हाळ्यात टँकरच्या बातम्या आल्या की मुंबईत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘तिकडे पाऊसच नाही हो!’ मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पडतो आणि माण, पारनेरसारख्या दुष्काळी तालुक्यांत ५०० च्या आसपास, हे खरंच. पण ५०० मिलिमीटर म्हणजे हेक्टरी ५० लाख लिटर. त्यातलं किती मुरणार, यात वरच्या दोन-तीन सेंटिमीटर मातीचा मोठा हात असतो.

चांगल्या जमिनीत मातीचे कण सुटे नसतात, त्यांचे रवे झालेले असतात. मुळांचे-जिवाणूंचे चिकट स्राव आणि बुरशीचे तंतू त्यांना बांधून ठेवतात. उन्हात तापलेल्या मातीवर वळीव कोसळला की पाणी रव्यात चहूबाजूंनी शिरतं, आतली हवा कोंडते, तिचा दाब वाढतो आणि बांधणी कच्ची असेल तर रवा आतून फुटतो. सुटलेला बारीक गाळ छिद्रांत बसतो, वाळल्यावर खपली धरते. मग पुढची साधी सरही वाहून जाते. वारंवार नांगरटीने सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्याचा अंश) उघडा पडून जिवाणू तो भराभर संपवतात आणि रव्यांची बांधणी कच्ची होते. उघड्या गायरानात गुरांच्या खुरांनी माती दाबली जाते ती वेगळीच. चराईबंदी केलेल्या कुरणात मुळं टिकतात, रवेही टिकतात.

आपले रवे किती पक्के, याचा पडताळा सोपा आहे. शेतातलं आणि शेजारच्या न नांगरलेल्या बांधावरचं, दोन्हीकडून हरभऱ्याएवढं ढेकूळ घ्या. सावलीत पूर्ण वाळवा. ओलं राहिलं तर हवा कोंडत नाही आणि निकाल फसवा येतो. पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, पाच मिनिटं थांबा. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार गढूळपणा लपवतात. काळ्या मातीची तुलना काळ्याशीच करा, कारण ती फुगूनही फुटते.

 

ढेकूळ नुसतं विस्कटलं तर शेणखत, आच्छादन, कमी नांगरट हा उपाय. पण भोवती दुधाळ ढग पसरला आणि दुसऱ्या दिवशीही पाणी निवळलं नाही, तर बहुधा सोडियम वाढलाय, जमीन चोपण, म्हणजे सोडियममुळे पाणी न मुरणारी, होतेय. कालव्याखालच्या उसाच्या पट्ट्यात हे नेहमीचं. तिथे आधी माती तपासा आणि अहवालाप्रमाणे जिप्सम द्या, त्यातला कॅल्शियम मातीला चिकटलेला सोडियम सोडवतो. मात्र निचऱ्याचे चर नसतील तर सुटलेला सोडियम जागेवरच राहतो आणि जिप्सम वाया जातं.