जमिनीसाठी जन्मलेले रडार काँक्रीटकडे कसे वळले

भूभेदी रडार, अर्थात जीपीआर, आज स्लॅब, पूल आणि टाक्यांच्या तपासणीत वापरले जात असले, तरी त्याचा उगम काँक्रीटशी संबंधित नाही. जमिनीत दडलेल्या वस्तूंचा रेडिओ लहरींनी ठाव घेण्याच्या पद्धतीचे पेटंट लाइमबाख आणि लोवी यांनी १९१० मध्ये जर्मनीत घेतले. १९२९ च्या सुमारास ऑस्ट्रियात स्टर्न यांनी हिमनदीची जाडी याच मार्गाने मोजली, आणि मग बराच काळ हा विषय मागे पडला. ग्रीनलंडवर उतरणाऱ्या विमानांची रडार-उंचीमापके बर्फाच्या आरपार पाहून चुकीची उंची दाखवतात, हे १९५० च्या दशकात ध्यानात आल्यावर त्याकडे पुन्हा लक्ष गेले. १९७२ मध्ये अपोलो १७ या अमेरिकी चांद्रमोहिमेने याच तत्त्वावरचे उपकरण चंद्राभोवती फिरवले.

काँक्रीटवर त्याचा वापर वाढण्यामागे मिठाचा वाटा मोठा आहे. उत्तर अमेरिकेत रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ पुलांच्या स्लॅबमध्ये झिरपून सळ्या गंजवू लागले, तेव्हा वरचा डांबराचा थर न उखडता आतली पडझड समजावी म्हणून या रडारचा आधार घेतला जाऊ लागला.

विदर्भात बर्फ नाही, पण मीठ आहे. पूर्णा खोऱ्यातील अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारे आहे. सळई असलेले काँक्रीट कालवण्याच्या पाण्यात क्लोराइड, म्हणजे मिठातला सळई गंजवणारा घटक, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक आयएस ४५६ सांगते. परंतु मिस्त्रीने जवळच्या बोअरचे पाणी वापरले, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. मग गंजाने सळई फुगते आणि कव्हरचे, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराचे, पोपडे सुटतात. पोपडा दिसेपर्यंत मात्र बाहेरून काहीच कळत नाही.

काँक्रीटसाठीच्या अँटेना साधारण १ ते २.६ गिगाहर्ट्झच्या असतात. हवेत एका नॅनोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागात) ३० सेंटिमीटर जाणारी लहर सुक्या काँक्रीटमध्ये सुमारे १० ते १२ सेंटिमीटर जाते, त्यामुळे ५ सेंटिमीटर खोल असलेल्या सळईवरून ती जवळपास एका नॅनोसेकंदात परत येते आणि पडद्यावर कमानीच्या आकाराची रेघ उमटते. ओलावा आणि क्षार या लहरीला शोषून घेतात. गंमत अशी, की ज्या जमिनीसाठी हे यंत्र घडले, त्या प्रकारातली आपली ओली काळी कपाशीची माती त्याला फार खोल पाहू देत नाही. सुक्या स्लॅबमध्ये मात्र ते चांगले काम करते.

तरीही या यंत्रावर सगळा भरवसा टाकणे योग्य नाही. ते काँक्रीटची ताकद सांगत नाही, सळईची जाडी अंदाजानेच देते, आणि सळयांची वरची जाळी दाट असेल तर तिच्याखालचे चित्र धूसर होते. म्हणून रिबाउंड हॅमर (पृष्ठभागाचा कठीणपणा तपासणारा हातोडा), अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची) चाचणी आणि काही ठिकाणचे कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेले गोल नमुने, यांची जोड लागतेच.

खारपाणपट्ट्यातील तपासणी पावसाळ्यानंतर लगेच न करता एप्रिल-मे मध्ये केलेली बरी. पाण्याच्या टाकीची भिंत तपासायची असेल, तर टाकी आधी रिकामी करून वाळू द्यावी लागते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत टाकी रिकामी ठेवणे कोणत्याही ग्रामपंचायतीला परवडत नाही.