सैन्यसेवेतील गर्भारपण आणि एकल पालकत्व (कोकणाच्या संदर्भात)

सशस्त्र दलांत भरती होताना व नोकरीत असताना गरोदर स्त्रियांना, तसेच एकट्याने मूल वाढवणाऱ्या आईला किंवा बापाला लागू होणारे नियम. भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. दलांचे कायदे, भरतीच्या जाहिराती, रजेचे आदेश आणि न्यायालयांचे निकाल यांतून हे धोरण घडत आले आहे. नोकरीत आल्यावर आई होता येते, पण आई असलेल्या बाईला नोकरीत येणे जवळजवळ अशक्य, असे त्याचे आजचे रूप आहे.

कोकणात पलटणीची परंपरा जुनी. महाड तालुक्यातले फौजी आंबवडे, पेन्शनरांचा दापोली कॅम्प, माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे (१९४४ मध्ये इटलीत मृत्यू, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस) ही नावे आजही घेतली जातात. ही परंपरा पुरुषांची होती. भातशेती, म्हातारी माणसे आणि पोरे मागे राहिलेल्या बाईने मनीऑर्डरीवर सांभाळायची, हे गृहीतच धरलेले असे.

सेना कायदा, १९५० च्या कलम १२ नुसार केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या विभागांखेरीज स्त्रियांना प्रवेश नाही. वैद्यकीय व परिचर्या शाखा सोडल्या तर अधिकारी म्हणून त्या १९९२ पासून येऊ लागल्या. परिचर्या सेवेत तर १९७७ च्या एका सैनिकी आदेशानुसार लग्न केले म्हणूनही कमिशन (अधिकारीपदाची नेमणूक) रद्द होई. हा आदेश १९९५ मध्ये मागे घेतला गेला. त्याच कारणाने १९८८ मध्ये काढून टाकलेल्या एका परिचारिका अधिकाऱ्याला ६० लाख रुपये भरपाई द्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२४ मध्ये.

प्रवेशाची अट आजही कडक आहे. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी अविवाहित मुली, तसेच पुनर्विवाह न केलेल्या निपुत्रिक विधवा व घटस्फोटिता पात्र ठरतात. म्हणजे अडचण नवरा नसण्याची नाही, मूल असण्याची आहे. अपवाद एकच, सैनिकाची विधवा. तिला मुले असली तरी चालते आणि वयोमर्यादा ३५ पर्यंत शिथिल होते. साताऱ्याच्या स्वाती महाडिक २०१७ मध्ये याच वाटेने अधिकारी झाल्या. मूळचे सिंधुदुर्गातले आणि मीरारोडला राहणारे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८ मध्ये काश्मीरमधल्या गुरेझला हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी कनिका राणे लहानग्या मुलाला घरच्यांकडे ठेवून प्रशिक्षणाला गेल्या आणि २०२० मध्ये लेफ्टनंट झाल्या. ही सवलत वीरपत्नीच्या त्यागाची कदर म्हणून आहे. एकल आईला दिलेली संधी म्हणून तिच्याकडे पाहता येत नाही. देवगड किंवा हर्णैच्या बंदरातली, नवरा समुद्रात गमावलेली पंचविशीतली पदवीधर बाई पदरी मूल असेल तर अपात्रच ठरते.

निवड झाल्यावर गरोदर राहिल्यास काय, हा प्रश्न पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयापुढे आला. सैन्याच्या वैद्यकीय शाखेत निवडलेल्या एका डॉक्टरला गर्भारपणामुळे रुजू करून घेतले नव्हते. एवढ्यावरून नोकरी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवले. महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनच्या, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नेमणुकीच्या, खटल्यात (२०२०) सरकारने गर्भारपण, मातृत्व आणि घरच्या जबाबदाऱ्या यांचे कारण पुढे केले. सर्वोच्च न्यायालयाने ते साचेबद्ध समज म्हणून फेटाळले. पुढच्याच वर्षी न्यायालयाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. कायम कमिशनसाठी पुरुषांची जी वैद्यकीय पात्रता सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी पाहिली गेली, तीच स्त्रियांकडून चाळिशी-पन्नाशीत मागितली जात होती.

रजेची बाजू त्यामानाने उदार आहे. महिला अधिकाऱ्यांना दोन मुलांपर्यंत प्रत्येक वेळी १८० दिवस भरपगारी प्रसूती रजा, एक वर्षाच्या आतले मूल दत्तक घेतल्यास १८० दिवस, आणि मूल १८ वर्षांचे होईपर्यंत संपूर्ण सेवेत मिळून ३६० दिवस बालसंगोपन रजा मिळते. नोव्हेंबर २०२३ मध्ये हेच नियम महिला जवान, नाविक व वायुसैनिकांना लागू करण्यास मंजुरी मिळाली. महिनाभरात मालवणजवळ तारकर्लीला नौदल दिन साजरा झाला आणि नौदलातल्या स्त्रियांचे कौतुकही झाले. मात्र नौदलात नाविक म्हणून स्त्रिया आल्या त्या चार वर्षांच्या भरतीच्या अग्निपथ योजनेतून (२०२२), आणि अग्निवीरांना चार वर्षे अविवाहित राहावे लागते. त्यामुळे प्रसूती रजेचा प्रश्न मुख्यतः पुढे कायम झालेल्यांपुरता उरतो.

एकट्या बापांना, म्हणजे विधुर, घटस्फोटित वा अविवाहित पुरुष सैनिकांना, बालसंगोपन रजा देण्याचा निर्णय २०१९ चा. त्याच वेळी एका खेपेला घ्यायची किमान रजा १५ दिवसांवरून ५ दिवसांवर आली. मात्र ही रजा हक्क म्हणून मागता येत नाही, वरिष्ठांची मंजुरी लागते. ती मिळाली नाही की मूल गावी आजीकडे येते.

परदेशांतही हा प्रवास फार जुना नाही. अमेरिकेत १९५१ च्या अध्यक्षीय आदेशाने गरोदर स्त्रीला सेवेतून काढता येत असे. ही सक्ती १९७० च्या दशकात संपली. तिथे एकल पालक सैनिकाला आपल्या गैरहजेरीत मूल कोण सांभाळेल याचा लेखी आराखडा द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये गरोदर सैनिकांना काढून टाकणे १९९० पर्यंत चालू होते.

रत्नागिरी व सिंधुदुर्गची सैन्यभरती कोल्हापूरच्या भरती कार्यालयाकडून होते. वीरपत्नींना पेन्शन व इतर सवलतींची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करता येते.