वस्तरा, ‘पोलिस’ आणि टार्टन

ग्लासगोतल्या पोलीस आणि गुंडांच्या कादंबऱ्यांचा विषय निघाला की पहिल्या वाक्यातच ‘टार्टन न्वार’, म्हणजे स्कॉटलंडच्या काळोख्या गुन्हेकथा, हा शब्द येतो. घोळ तिथूनच सुरू होतो, कारण त्यातलं टार्टन ग्लासगोचं नाही आणि न्वार स्कॉटलंडचंही नाही.

न्वार फ्रेंच, म्हणजे काळं. १९४५ साली पॅरिसच्या एका प्रकाशनसंस्थेने काळ्या वेष्टनातली गुन्हेकथांची माला सुरू केली, तीही बहुतांशी इंग्रजीतून भाषांतरं करून. टार्टन म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातलं चौकड्यांचं लोकरी कापड. अठराव्या शतकातलं बंड मोडल्यावर तिथल्या पुरुषांना तो पेहराव करायला बंदी होती. ती १७८२ मध्ये उठली, आणि १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा स्कॉटलंडच्या राजधानीला, एडिंबराला आला तेव्हा याच चौकड्यांची हौसेने मिरवणूक निघाली. तेव्हापासून टार्टन म्हणजे स्कॉटलंड, अगदी बिस्किटांच्या डब्यापर्यंत. ग्लासगो हे मूळचं गोद्यांचं, कारखान्यांचं, भाड्याच्या खोल्यांचं शहर. इथल्या खुनाच्या गोष्टीला डब्यावरची चौकडी चिकटवायची म्हणजे गिरणगावच्या कादंबरीवर पैठणीचं वेष्टन घालण्यासारखं आहे.

मग हे नाव ठेवलं कुणी? एक गोष्ट अशी सांगतात की लॉस एंजलिसच्या एका गाजलेल्या गुन्हेकथाकाराने एडिंबराच्या कादंबरीकाराला ‘टार्टन न्वारचा राजा’ म्हटलं. तो कादंबरीकार स्वतः वेगळं सांगतो. त्या अमेरिकन लेखकाच्या पुस्तकावर सही घेताना ‘मी टार्टन न्वार लिहितो’ असं आपणच म्हणालो, आणि त्याने तेच शब्द पुस्तकावर लिहून दिले. म्हणजे पदवी बहाल झाली की मागून घेतली, यावरच वाद. मला दुसरी हकीकत पटते, कारण असा चपखल शब्द ज्याला माल विकायचा असतो त्यालाच सुचतो. पण कुठलीही खरी धरली तरी बारसं एडिंबराच्या लेखकाचं झालं. आणि आज ज्याला या प्रकाराचा जनक म्हणतात, त्याची ग्लासगोतली ‘लेडलॉ’ ही कादंबरी १९७७ सालीच येऊन गेली होती. एडिंबराच्या त्या लेखकाच्या पोलीस-मालिकेचं पहिलं पुस्तक त्यानंतर दहा वर्षांनी आलं.

‘लेडलॉ’चा लेखक ग्लासगोजवळच्या किल्मार्नॉक गावच्या खाणकामगाराचा मुलगा, आणि बरीच वर्षं शाळेत इंग्रजीचा मास्तर. आधीच्या कादंबरीला १९७५ मध्ये मोठं पारितोषिक मिळालेलं, लोक त्याला ‘गंभीर’ साहित्यिक मानू लागलेले, आणि हा पोलिसांची गोष्ट घेऊन बसला. केल्व्हिनग्रोव्ह पार्कात एका तरुण मुलीचं प्रेत सापडतं. खुनी कोण हे लेखक लपवतच नाही. त्याला आधी गाठणार कोण एवढाच प्रश्न, कारण पोलिसांबरोबर गुंडही त्याच्या मागावर आहेत. नायक असलेल्या इन्स्पेक्टर लेडलॉच्या टेबलाला एक कुलूपबंद खण आहे. एखाद्याने बाटली लपवावी तशी त्यात त्याने पुस्तकं लपवलीत, किर्केगार्ड, कामू आणि उनामुनो या तत्त्वचिंतकांची. या एका खणावर पुढचे कितीतरी उदास, वाचणारे, घरी न रमणारे इन्स्पेक्टर पोसले गेले. दुसरं पुस्तक १९८३ मध्ये आलं, तिसरं १९९१ मध्ये. वर्षाला एक या हिशेबाने लिहिलं असतं तर हा गृहस्थ गब्बर झाला असता. पुढे ही पुस्तकं बाजारातून नाहीशी झाली, ती २०१३ मध्ये नव्याने छापली गेली.

‘लेडलॉ’च्या आधीचं सगळं सहसा १९३५ च्या ‘नो मीन सिटी’ या एकाच कादंबरीत गुंडाळलं जातं. ग्लासगोच्या गोर्बल्स वस्तीतला एक बेकार बेकरी कामगार आणि लंडनचा एक पत्रकार यांनी मिळून ती लिहिली. नायक वस्तरा चालवणारा दादा. नाव बायबलमधलं: आपण काही ऐऱ्यागैऱ्या नगरीचे नागरिक नाही, असं संत पॉल म्हणतो. शहराच्या सार्वजनिक वाचनालयांनी पुस्तक ठेवायला नकार दिला, ते खपलं मात्र धोधो. गोर्बल्सच्या जुन्या चाळी नंतर पाडल्या, तिथे उंच इमारती उभ्या केल्या, आणि त्यातल्याही काही १९९३ मध्ये सुरुंग लावून पाडल्या. वस्तऱ्याचा शिक्का मात्र पुसला गेला नाही.

वस्तरेवाल्या टोळ्या खऱ्या होत्या. शहराच्या ब्रिजटन भागात प्रोटेस्टंट पोरांची, जवळच कॅथलिकांची. त्यांना मोडायला १९३१ मध्ये शेफील्डहून एक पोलीसप्रमुख आणला गेला, जो दुसऱ्या महायुद्धानंतर देशाच्या गुप्तचर खात्याचा मुख्य झाला. टोपीला काळ्या-पांढऱ्या चौकटींची पट्टी लावायची टूम त्याचीच. ती आज ऑस्ट्रेलियापर्यंत पोलिसांच्या डोक्यावर दिसते आणि त्याच्या आडनावाचं ‘टार्टन’ म्हणून ओळखली जाते. कापडाच्या जाणकाराला विचाराल तर ते टार्टन नव्हेच, नुसती बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट. जाता जाता, ग्लासगोचा माणूस पोलिसाला ‘पोलिस’च म्हणतो, पहिल्या अक्षरावर जोर देऊन. लंडनच्या ‘पलीस’पेक्षा आपल्या कानाला हे जवळचं.

कादंबऱ्यांना मागे टाकणारी घटना १९८४ ची. शहराच्या कडेच्या सरकारी वसाहतींत दुकानं कमी, म्हणून आइस्क्रीमच्या गाड्या दारोदार फिरत आणि सिगारेटपासून दुधापर्यंत सगळं विकत. काही गाड्यांवर चोरीचा माल आणि अंमली पदार्थही मिळत. कुठली गल्ली कुणाची, यावरून काचा फुटू लागल्या. एप्रिलमध्ये रुकेझी भागातल्या एका घराच्या दाराशी आग लावली गेली. एकाच कुटुंबातले सहा जण गेले, त्यात एक तान्हं मूल. दोघांना जन्मठेप झाली. त्यांची शिक्षा रद्द झाली २००४ मध्ये, वीस वर्षांनी. अपिलात कळीचा मुद्दा होता पोलिसांच्या वह्यांचा: आरोपीचं म्हणून सांगितलेलं एक विधान चार अधिकाऱ्यांनी जवळजवळ शब्दशः सारखं टिपलेलं. माणसाची स्मरणशक्ती असं काम करत नाही, असं तज्ज्ञांनी सांगितलं. स्कॉटिश कायद्यात आरोपाला दोन स्वतंत्र आधार लागतात, त्यामुळे तिथला डिटेक्टिव्ह एकटा फिरताना क्वचित दिसतो. इथे आधार जरा जास्तच जुळले.

याच सुमारास, १९८३ मध्ये, महापालिका ‘ग्लासगो आता पुष्कळ बरं’ अशा अर्थाची जाहिरात करत होती, आणि त्याच वर्षी टीव्हीवर ‘टॅगर्ट’ ही मालिका सुरू झाली, मेरीहिलच्या पोलीस ठाण्यातली. तिच्या शीर्षकगीताचं नाव पुन्हा ‘नो मीन सिटी’. मुख्य नट १९९४ मध्ये वारला, तरी मालिका त्याच पात्राच्या नावाने २०१० पर्यंत चालली. मधे १९९० मध्ये शहर युरोपची सांस्कृतिक राजधानीही होऊन गेलं. परदेशी प्रेक्षकांना आठवते ती मालिका.

२००५ मध्ये पोलिसांनीच हिंसाचाराकडे साथीच्या रोगासारखं पाहणारं पथक काढलं, आणि पुढच्या वर्षांत खून खरोखर घटले. कादंबऱ्या घटल्या नाहीत, मागे सरकल्या. कुणी १९५८ मध्ये बार्लिनी तुरुंगात फाशी गेलेल्या खुन्यावर लिहिलं, कुणी १९७३ च्या पोलिसांवर. १९६९ च्या ग्लासगोवरच्या एका कादंबरीला २०१८ मध्ये स्कॉटलंडचं गुन्हेकथेचं पारितोषिक मिळालं. पारितोषिक ‘लेडलॉ’च्या लेखकाच्या नावाचं, आणि कादंबरीकार त्याचा मुलगा. जनक स्वतः २०१५ मध्ये गेला तेव्हा इन्स्पेक्टर लेडलॉच्या तरुणपणीचं, १९७२ मध्ये घडणारं, एक हस्तलिखित अर्धवट राहिलं होतं. ते २०२१ मध्ये पुरं होऊन बाहेर आलं. पुरं करणारा तोच, एडिंबराचा, सही घ्यायला गेलेला.