गव्याला जंत बाधत नाहीत?

गोव्यातल्या सत्तरी-सांगे तालुक्यांत हमखास ऐकू येतं: रानातला गवा औषधी पाला खातो, जंत असलेच तर आतड्यात गप्प पडून राहतात. हे खरं नाही.

यकृतकृमी, म्हणजे फॅसिओला जायगँटिका, आतड्यात थांबतच नाही. पाण्यातल्या गोगलगाईतून बाहेर पडलेल्या अळ्या पाणथळ गवताला चिकटून कवच करतात. ते गवत पोटात गेलं की पिल्लू आतड्याची भिंत भेदून उदरपोकळीतून यकृतात शिरतं आणि काही आठवडे ते कुरतडत फिरतं. मागे रक्ताळलेल्या वाटा राहतात, तिथे पुढे तंतुमय व्रण धरतो. मग कृमी पित्तनलिकांत मुक्काम ठोकतो. पूर्ण वाढलेला ७ सेंटिमीटरपर्यंत लांब असतो. नलिका जाड, कडक होतात, रक्तक्षय सुरू होतो.

‘शेण तपासलं, काही नाही’ याने तर फसूच नये. संसर्गानंतर साधारण तीन महिने अंडीच पडत नाहीत, आणि नेमकं तेव्हाच यकृत पोखरलं जात असतं. शिवाय अंडी जड; मिठाच्या द्रावणात तरंगवायची नेहमीची पद्धत इथे निरुपयोगी. शेण पाण्यात कालवून गाळावं, गाळ बसू द्यावा, वरचं पाणी ओतून पुन्हा तेच करावं आणि तळचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा.