कुणबी दाखला: कागद सापडला, पण साल कोणतं?

मराठवाड्यात कुणबी दाखल्याचा अर्ज नोंद मिळाली नाही म्हणून अडतो, हे घरोघरी माहीत आहे. नोंद मिळूनही अर्ज त्रुटीत निघतो तेव्हा मात्र माणूस हबकतो. शेरा असतो ‘तारखेत तफावत’. कोणत्या दोन कागदांत आणि कसली, एवढं लिहायचे कष्ट कुणी घेत नाही.

अर्ज तसा साधा आहे. आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात भरायचा. सोबत आधार, रहिवासाचा पुरावा, टीसी, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि रक्तनात्यातल्या पूर्वजाची नोंद. दाखला उपविभागीय अधिकारी देतात.

ओबीसीसाठी मानीव दिनांक १३ ऑक्टोबर १९६७ आहे, म्हणजे पुरावा त्याआधीचा हवा. इथे पाहायची ती मूळ नोंदीची तारीख, नक्कल मिळाल्याची नव्हे. आजोबांची टीसी शाळेने १९८५ साली दिली असली तरी शाळाप्रवेश १९५८चा असू शकतो. म्हणून टीसीवर न थांबता शाळेतून प्रवेश निर्गम उतारा काढा. त्यात प्रवेशाची तारीख स्वच्छ दिसते.

खरी गोम निजामकाळातल्या कागदांत आहे. त्यांवर फसली साल (निजामाच्या राज्यातलं महसुली वर्ष) असतं, कुठे हिजरी, आणि घरातल्या पत्रिकेवर शके. शकेत ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतो. फसलीत ५९० मिळवा असं सगळे सांगतात, पण ते अर्धंच खरं. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्यापासून सुरू होई. त्यामुळे १३४० फसलीचा आजूर म्हणजे १९३०चा ऑक्टोबर, तर त्याच वर्षातला खुर्दाद १९३१च्या उन्हाळ्यात येतो. जानेवारीपासून पुढच्या नोंदीला ५९१ मिळवावे लागतात. एका वर्षाने दाखला अडू नये, पण वंशावळीत आजोबांचा जन्म १९३० आणि भाषांतरात १९३१ दिसला की शेरा तयारच असतो.

हिजरीचा घोळ याहून मोठा. ते साल चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं. १३१० हिजरी म्हणजे १८९२-९३, आणि १३१० फसली म्हणजे १९००-०१. आकडा तोच, अंतर आठ वर्षांचं. उर्दूत फसलीपुढे ‘फे’ आणि हिजरीपुढे ‘हे’ या अक्षराची खूण असते. नक्कल करताना किंवा झेरॉक्समध्ये ती खूण गेली, की भाषांतर करणारा अंदाजाने लिहितो. अशा वेळी महिना बघा. बहमन, तीर, अमरदाद असेल तर सहसा फसली. मोहरम, सफर, रज्जब असेल तर हिजरी. आणि नुसता ‘५३’ लिहिलेला दिसला तर घाईने १९५३ समजू नका. १३५३ फसली असेल तर ती नोंद १९४३-४४ची आहे.

म्हणून भाषांतरकाराला आधीच सांगा: मूळ आकडा, मूळ महिना, सालाचं नाव आणि मग कंसात इसवी तारीख, असं चारही लिहून द्या. मूळ कागदावर पेनाने काही ‘दुरुस्त’ करू नका. असली दुरुस्ती केलेला कागद पुढे जात पडताळणी समितीसमोर संशयाचा ठरतो, मग खरी नोंदही खोटी वाटायला लागते.

अलीकडच्या कागदांची भानगड वेगळी. ०३/०४/१९६२ ही आपल्याकडे ३ एप्रिल, पण महिना आधी मागणाऱ्या संगणकावर ४ मार्च होते. प्रतिज्ञापत्रात महिना अक्षरात लिहून घ्या. टीसीवरचा १ जून हा मास्तरांनी टाकलेला जन्मदिवस असला तरी तोच सगळीकडे ठेवा. आधारवर वेगळी तारीख असेल तर अर्ज टाकण्याआधी ती जुळवून घ्या.

जमिनीचा पुरावाच नसलेल्यांसाठी २ सप्टेंबर २०२५च्या शासन निर्णयात, १३ ऑक्टोबर १९६७पूर्वी पूर्वज त्या स्थानिक क्षेत्रात राहत होते असं प्रतिज्ञापत्र देण्याची सोय आहे. त्यावर गावपातळीवरची समिती चौकशी करते. तिथेही ‘सदुसष्टच्या आधी’ असं मोघम लिहू नका, पूर्ण तारीख टाका.

एवढं करूनही नकार आला तर तोंडी ऐकून घरी परतू नका, लेखी आदेश मागा. अपिलाची मुदत ३० दिवस आहे आणि ती आदेश हातात पडल्यापासून मोजतात. तेव्हा पोच देताना सहीखाली तारीख स्वतः लिहा, महिना अक्षरात, आणि त्या पोचेचा फोटो काढून ठेवा.