पैसे दिले म्हणजे लेख आपला झाला?

‘लेखाचे पैसे चुकते केले की त्याचा कॉपीराइट पैसे देणाऱ्याचा’, असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. दुसऱ्याच्या ब्लॉगसाठी, त्याच्याच नावाने लिहून देणारे कितीतरी जण हे खरं मानून गप्प बसतात. समज स्वाभाविक आहे. विकत घेतलेली खुर्ची आपली होते, मग लेख का नाही?

आता कॉपीराइट कायदा, १९५७ उघडा. कलम १७ प्रमाणे पहिला मालक लेखकच. पैसे देऊन काम करवून घेणाऱ्याला मालकी मिळते ती फोटो, चित्र, चित्रपट अशा मोजक्या कामांत, आणि त्यात लेख नाही. नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल, तर वेगळा करार नसल्यास हक्क नोकरी देणाऱ्याचा. पण लेखागणिक पैसे घेणारा नोकर नसतो.

ठरल्याप्रमाणे ब्लॉगवर टाकायची परवानगी ग्राहकाला अर्थातच मिळते. मालकी मात्र कलम १९ नुसार लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होते. त्यात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षं धरतात. नुसत्या ‘पेमेंट केलं’ या मेसेजने हे होत नाही. शिवाय हक्क दिल्यानंतरही ‘हे मी लिहिलंय’ म्हणण्याचा अधिकार कलम ५७ लेखकाकडे ठेवतं. नावाआड राहून लिहिणाऱ्यांसाठी मला हे सर्वांत मोलाचं वाटतं.

तुमचा करार काढा. कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी आणि खाली सही, एवढं तपासा. गोपनीयतेची अट असेल तर तीही नीट वाचा.