पक्षांतर, पोटनिवडणूक आणि मतदार : थोडी पार्श्वभूमी

21 ऑक्टोबर 2019 रोजी साताऱ्यातल्या मतदाराने एकाच केंद्रात दोन मतं दिली, एक लोकसभेच्या पोटनिवडणुकीचं आणि एक विधानसभेचं. दोन्हीकडे भाजपचे उमेदवार एकाच घराण्यातले होते. दोघंही त्या पावसाळ्यापर्यंत राष्ट्रवादीचे लोकप्रतिनिधी होते, आणि दोघंही पदाचा राजीनामा देऊन पक्षात आलेले. लोकसभेचे उमेदवार सुमारे 87 हजार मतांनी पडले. विधानसभेचे आरामात निवडून आले. पहिल्या निकालाची चर्चा अजून चालते, कारण मतदानाच्या तीन दिवस आधी भर पावसात झालेली शरद पवारांची ती सभा. दुसऱ्याची चर्चा कुणी केली नाही. लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा येतात, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही, हे मान्य. तरी ‘गद्दाराला मतदार माफ करत नाही’ हे वाक्य ज्या निकालाच्या आधारावर वापरलं जातं, त्याच दिवशी त्याच शहराने त्याला छेद दिला होता.

जुना इतिहास थोडक्यात. 1967 च्या निवडणुकीनंतर राज्याराज्यांत सरकारं पडू लागली, हरियाणात ‘आयाराम-गयाराम’ जन्माला आला, हे सगळं पाठ असतं. त्या काळी नेमलेल्या केंद्रीय समितीने काय मोजलं आणि काय सुचवलं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. समितीचे प्रमुख होते तेव्हाचे गृहमंत्री, म्हणजे आपल्याच कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण. समितीला आढळलं की पक्ष बदललेल्या 210 आमदारांपैकी 116 जणांना मंत्रिपद मिळालं. निम्म्याहून जास्त! 1969 च्या अहवालात एक सूचना होती : पक्ष बदलणाऱ्याला वर्षभर मंत्री करू नये, किंवा त्याने राजीनामा देऊन पुन्हा निवडून येईपर्यंत करू नये. म्हणजे जायचं असेल तर जा, पण आधी मतदाराकडे जाऊन या. माझ्या मते या विषयात आजवर सुचलेली ही सगळ्यात सरळ गोष्ट होती.

1985 ला पक्षांतरबंदी कायदा, म्हणजे घटनेची दहावी अनुसूची, आला तो वेगळ्या वळणाने. एकट्यादुकट्याने पक्ष सोडला तर अपात्र, एकतृतीयांशांनी मिळून सोडला तर ती ‘फूट’ आणि सगळं माफ. दोनतृतीयांश असले तर विलीनीकरण. 2003 च्या घटनादुरुस्तीने फुटीची सवलत काढून टाकली, विलीनीकरणाची ठेवली. अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून आल्याशिवाय मंत्री होता येणार नाही, हेही तेव्हाच घातलं गेलं. पण मुळात अपात्र ठरला तरच. घाऊक जाणाऱ्यांना ही अट लागतच नाही.

एकतृतीयांशाच्या काळातलं आपल्याकडचं ठळक उदाहरण डिसेंबर 1991 चं. नागपूरच्या अधिवेशनात शिवसेनेतून एक गट बाहेर पडला आणि काँग्रेसवासी झाला. गटाचे नेते 1995 ला माझगावात पडले, तेही तुलनेने नवख्या शिवसैनिकाकडून. शाखाशाखांतून त्या एका जागेसाठी माणसं राबली होती. पण हेच नेते 2004 पासून येवल्यात सलग पाच वेळा निवडून आले आहेत, मधल्या काळात आणखी पक्षफुटी होऊनही. शिक्षा झाली म्हणायचं तर ती माझगावपुरती.

कोकणात उलटा क्रम दिसला. 2005 मध्ये शिवसेना सोडलेल्या माजी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा देऊन मालवणची पोटनिवडणूक लढवली आणि शिवसेनेच्या उमेदवाराचं डिपॉझिटही उरलं नाही. मतदारांनी माणसाला मत दिलं, पक्षाला नाही, असा निष्कर्ष तेव्हा सगळ्यांनी काढला. नऊ वर्षांनी, 2014 ला, त्याच माणसाला कुडाळमध्ये शिवसेनेच्याच उमेदवाराने हरवलं. 2024 ला तिसऱ्या पक्षाच्या चिन्हावर ते लोकसभेत गेले. सिंधुदुर्गातला मतदार पक्षांतरावर बोलतो खूप, पण मत देताना ‘आपलं काम कोण करतो’ याचा हिशेब त्याच्याकडे वेगळा असतो.

आता गोवा. इथे जरा थांबायला हवं, कारण विलीनीकरणाचा खरा घोळ गोव्यात झाला आणि तो मराठी वाचकापर्यंत नीट पोचलाच नाही.

जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदारांनी आपण भाजपमध्ये ‘विलीन’ झाल्याचं जाहीर केलं. दोनतृतीयांशाचा आकडा बरोब्बर जमला. प्रश्न असा होता की विलीन झालं कोण? काँग्रेस पक्ष तर जिथल्या तिथे होता, त्याचं कार्यालय होतं, चिन्ह होतं, दिल्लीतल्या किंवा पणजीतल्या कुठल्याही समितीने विलीनीकरणाचा ठराव केलेला नव्हता. दहाव्या अनुसूचीचा चौथा परिच्छेद दोन भागांत आहे. पहिला भाग मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन होण्याबद्दल बोलतो. दुसरा म्हणतो की विधिमंडळ पक्षाच्या दोनतृतीयांश सदस्यांनी संमती दिली तर, आणि तरच, विलीनीकरण झालं असं मानलं जाईल. एका बाजूचं म्हणणं असं की आधी पक्षाने विलीन व्हावं, मग आमदारांची संमती मोजावी. दोन्ही अटी पूर्ण व्हायला हव्यात. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आमदारांनी संमती दिली की पक्ष विलीन झाला असं कायदाच मानतो, वेगळा पुरावा कशाला?

सभापतींनी एप्रिल 2021 मध्ये दुसरं वाचन स्वीकारलं आणि अपात्रतेच्या याचिका फेटाळल्या. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते कायम केलं. न्यायालयाचा निकाल कधी आला ते पाहण्यासारखं आहे : विधानसभेचं मतदान 14 फेब्रुवारी 2022 ला झालं, मतमोजणी होती 10 मार्चला, आणि निकाल आला या दोन तारखांच्या मध्ये. आमदारकीची पाच वर्षं सरत आली होती, मतपेट्या बंद झाल्या होत्या, आणि मग कळलं की ते दहाही जण कायद्याने निर्दोष होते.

मतदारांनी मात्र आपला निकाल आधीच यंत्रात टाकला होता. दहापैकी तिघेच परत आले, पणजी, ताळगाव आणि थिवीमधून. केपे, सांताक्रूझ, सांत आंद्रे, कुंकळ्ळी इथे पक्षांतर केलेले पडले. काहींना तर ज्या पक्षात गेले त्याने तिकीटच दिलं नाही. यावर काँग्रेसने काय केलं होतं? निवडणुकीआधी आपल्या उमेदवारांना बसमध्ये घालून पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या क्रॉससमोर आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. त्याच वर्षी सप्टेंबरात, 11 पैकी 8 आमदार पुन्हा भाजपमध्ये विलीन झाले. त्यातल्या एका ज्येष्ठाने सांगितलं की आपण पुन्हा देवाला विचारलं आणि देवाने योग्य ते कर म्हटलं. कायद्याचं वाचन एकदा सोयीचं झालं की शपथेचं काय होतं, ते गोव्यात दिसलं. 2024 ला दक्षिण गोव्याची लोकसभा जागा काँग्रेसने जिंकली, तेव्हा हा राग उशिरा निघाला असं अनेकांनी लिहिलं. असेल; पण त्या निकालात बाकीही पुष्कळ काही मिसळलेलं होतं.

याच गोव्यात 2018 मध्ये काँग्रेसच्या दोन आमदारांनी, मांद्रे आणि शिरोड्याच्या, राजीनामा देऊन भाजप गाठला होता. 2019 च्या पोटनिवडणुकीत दोघंही निवडून आले.

आमच्या सीमाभागाला लागून असलेली कर्नाटकातली अथणी तर याहून मजेशीर. 2018 ला काँग्रेसच्या उमेदवाराने भाजपच्या जुन्या आमदाराला हरवलं. 2019 ला हा काँग्रेसवाला बंड करणाऱ्या 17 जणांत होता. विधानसभा अध्यक्षांनी अपात्र ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता ठेवली पण पोटनिवडणूक लढवू दिली, आणि तो भाजपच्या चिन्हावर जिंकला. त्या फेरीत 15 पैकी 12 जागा भाजपने घेतल्या. मग 2023 ला तिकीट आलेल्याला मिळालं, जुना निष्ठावंत चिडून काँग्रेसमध्ये गेला आणि त्याने मोठ्या फरकाने बाजी मारली. माणसं तीच, चिन्हं उलटसुलट. अथणीकरांनी पक्षांतराला शिक्षा केली म्हणावं, तर दोघंही पक्षांतर केलेलेच.

पोटनिवडणुकीत सत्ताधारी पक्षात गेलेला माणूस बहुधा जिंकतो, कारण सरकार पडायचं की राहायचं हे त्या जागेवर ठरत असतं आणि ‘कामं व्हायची तर सत्तेत असलेला बरा’ हा विचार मतदाराच्या मनात असतोच. साताऱ्याचा निकाल म्हणूनच वेगळा वाटतो. सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत ती घाई उरत नाही, तिथे निकाल कुठेही जातो.

महाराष्ट्रातल्या 2022 आणि 2023 च्या घडामोडी सांगत बसत नाही. एवढंच की इथे विलीनीकरणाचा प्रश्नच आला नाही. विधानसभा अध्यक्षांच्या शिवसेनेबद्दलच्या 10 जानेवारी 2024 च्या निर्णयानुसार बाहेर पडलेला गट हाच खरा पक्ष, आणि दोन्ही गटांतलं कुणीही अपात्र नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी कुणी पक्ष बदललाच नव्हता. ‘पन्नास खोके’च्या घोषणा देणाऱ्याने मग नक्की कुणाला पाडायचं? लोकसभेत महाविकास आघाडीला 48 पैकी 30 जागा मिळाल्या, तेव्हा उत्तर सापडल्यासारखं वाटलं. सहा महिन्यांत विधानसभेत शिंदे गटाच्या 57 आणि अजित पवार गटाच्या 41 जागा आल्या, मूळ नेतृत्वाकडे 20 आणि 10 उरल्या. गुवाहाटीला गेलेले बहुतेक आमदार पुन्हा सभागृहात बसले. पडलेल्यांत सांगोल्याचे आमदार होते, झाडी-डोंगरवाले. त्यांच्या पराभवावर लोकांनी मनसोक्त विनोद केले, पण 2019 ला ते हजारापेक्षाही कमी मतांनी निवडून आले होते आणि समोर तोच शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) होता, ज्याने सांगोल्यात पिढ्या काढल्या आहेत.

साताऱ्याच्या त्या लोकसभा उमेदवाराने 2024 ला भाजपच्याच चिन्हावर साधारण 32 हजारांनी विजय मिळवला. त्या मतदारसंघात शरद पवार गटाच्या तुतारी वाजवणाऱ्या माणसाच्या चिन्हाशी नावाने गोंधळ होईल अशी पिपाणी घेऊन उभ्या असलेल्या अपक्षाला 37 हजारांवर मतं पडली.